आई, मी शाळेतून बोलतेय

"खिडकी लाव रे, टॅक्टर यायलाय."

सातवीतली मुलगी दबक्या आवाजात सांगते. खिडकीजवळचा मुलगा लोखंडी झडप ओढतो, पण कडी लागायच्या आत ट्रॅक्टर येतोच, ट्रॉलीवरच्या स्पीकरमधल्या गाण्यासकट. खोलीतली मुलं आहेत तिथेच थांबतात. आवाज वळणापलीकडे जातो तेव्हा ती मोबाइलवरचा लाल ठिपका दाबते आणि म्हणते, "निरोप परत. तिसरीपासून."

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावरच्या एका गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते आठवी, पट दीडशेच्या आसपास. ही खोली एरवी पोषण आहाराच्या तांदळाची. कोपऱ्यात पोत्यांची थप्पी, तिच्यावर तराजू, आणि तीन भिंतींना दोरीवर टांगलेल्या वाकळा. त्या दिल्यात गावातल्याच आज्यांनी. उघड्या भिंतींत आवाज घुमतो, कापड टांगलं की घुमणं कमी होतं, हे मुलांनी स्वतः करून पाहिलंय. आठवीतला एक उंच मुलगा ते मलाही दाखवतो. वाकळ बाजूला सारून एक टाळी वाजवतो, वाकळ सोडून दुसरी. "फरक कळला का, सर?" स्पष्ट कळतो. तांदळाची पोतीही आवाज पितात, म्हणून बोलणाऱ्याने पोत्यांकडे तोंड करून बसायचं, असा इथला नियम आहे. विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा या मुलांनी आधी या खोलीत वाचलाय.

आज शुक्रवार. शुक्रवारी शाळेचा रेडिओ तयार होतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठ झाला की तो मैदानातल्या भोंग्यावर वाजतो आणि त्याच दुपारी हा रेडिओ चालवणाऱ्या शिक्षिकेच्या, मॅडमच्या, फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपने निघतो, उसाच्या फडांवर.

गावातल्या निम्म्याहून जास्त घरांना दिवाळीपासून कुलपं आहेत. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, इकडे नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, कारखान्यांचं गाळप सुरू होताना निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात बेळगावच्या बाजूला. या एका जिल्ह्यातून असं जाणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात आहे. पूर्वी मुलंही सोबत जायची. आजही बरीच जातात, फडावरच्या झोपडीपाशी, म्हणजे कोपीपाशी, धाकट्या भावंडाला सांभाळतात, उसाची वाढं गोळा करतात आणि हजेरीपटावरून हळूहळू पुसली जातात. जी मुलं आजी-आजोबांपाशी मागे राहतात त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, झोपायला घरी.

फोन आहेत, पण वेळ जुळत नाही. फडावर पहाटे अंधारात तोडणी सुरू होते आणि गाडी भरता भरता रात्र होते. आईला फोन हातात घ्यायला सवड मिळते तेव्हा मूल झोपलेलं असतं, आणि मुलाला आठवण येते त्या वेळी आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असते. ध्वनिफीत मात्र थांबून राहते. आईला सवड होईल तेव्हा ऐकता येते, परत ऐकता येते, शेजारच्या कोपीतल्या बाईला ऐकवता येते. या शाळेचा रेडिओ निघाला तो या न जुळणाऱ्या वेळेतून.

तिसरीतला पहिला मुलगा पोत्यांसमोर मांडी घालून बसतो. कॉलरला लावायचा माइक त्याच्या सदऱ्याला चिकटवला जातो. तो एका दमात म्हणतो, "आई-दादा मी बरा आहे तुम्ही काळजी करू नका मी अभ्यास करतो."

सातवीतली मुलगी ध्वनिमुद्रण थांबवते. कार्यक्रमाची सूत्रं या आठवड्यात तिच्याकडे आहेत. दर आठवड्याला माणूस बदलतो. "हे सगळेच म्हणायलेत," ती म्हणते. "आईला हे पाठ झालंय आता. दुसरं सांग. घरी काय झालं ह्या आठवड्यात?"

"काहीच नाही."

"शेळी?"

मुलाचे डोळे चमकतात. "शेळी व्याली!"

"मग तेच सांग की."

लाल ठिपका पुन्हा पेटतो. "आई, आपली शेळी व्याली. मंगळवारी रात्री. दोन करडं झाली. एक पांढरं आणि एक बांडं. पांढरं उठतच नव्हतं, मग आज्जीनं त्याला चुलीपाशी ठेवलं. आता ते उड्या मारायलंय. आज्जी म्हणती बांडं विकायचं नाही."

शेळी आईची आहे. दोन-अडीचशे किलोमीटरवर उसात उभ्या असलेल्या बाईला आपल्या गोठ्यात काय झालं हे आता कळणार आहे, अगदी रंगासकट. मी अनेक वर्षं निबंध तपासणाऱ्या शिक्षकांशी बोलत आलोय. मुलं साच्यातलं लिहितात, स्वतःचं लिहीत नाहीत, ही त्यांची कायमची तक्रार. तो साचा मोडायला इथे सातवीतल्या मुलीला एक प्रश्न पुरतो, कारण ऐकणारं माणूस खरं आहे. निबंध ऐकणारं कुणी नसतं.

पुढचा मुलगा माइक लावून घेतो आणि गप्प बसतो. सातवीतली मुलगी ठिपका दाबून वाट पाहते. सेकंदांचे आकडे पडद्यावर पळताहेत. कुणी हसत नाही, कुणी "बोल ना" म्हणत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. वर्गात प्रश्नानंतर इतकी शांतता कुणाला परवडते? मिनिटभराने तो म्हणतो, "दादा, माझी चप्पल तुटली."

एवढंच. माइक काढायला हात जातो.

"हे ठेवायचं का?" मुलगी विचारते. तो मान डोलावतो. दाराशी उभ्या असलेल्या मॅडम वहीत काहीतरी टिपतात. नंतर मी त्यांना विचारतो तेव्हा त्या वही पुढे करतात. चपलेचा नंबर लिहिलाय.

"काय पाठवायचं आणि काय नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं," मॅडम सांगतात. "मागं एक मुलगी निरोप सांगता सांगता रडली. मला वाटलं, ठेवू या, आईला लेकीची माया कळेल. ती म्हणाली, नको मॅडम, आई तिकडं रडंल, मग तिला उचलंना काम. तिच्या समोरच पुसून टाकलं. पुन्हा हसून सांगितलं तिनं." आवाज बाहेर जाण्यासाठी प्रत्येक पालकाची सही घेतलेली आहे, आणि ज्या गटावर फीत जाते त्यात पालकांशिवाय दुसरं कुणी नाही.

निरोप संपतात, मुलाखतीची वेळ होते. आज पाहुण्या आहेत गावच्या आशाताई. त्या पदर सावरत पोत्यांसमोर बसतात आणि म्हणतात, "मला नीट बोलता येत नाही बरं का." चौथीतली दोन मुलं त्यांच्या समोर. प्रश्न वहीत लिहिलेले आहेत. थंडीत लहान बाळाला कसं जपायचं, ताप आला तर आधी काय करायचं, जंताच्या गोळ्या कधी मिळणार. आशाताई सावकाश, नेमकं सांगतात. त्यांना उत्तम बोलता येतं. आज्यांच्या ताब्यात सोडलेल्या तान्ह्यांबद्दल त्या जे सांगतात, ते फडावरच्या आयांनी ऐकावं म्हणूनच हा पाहुणा निवडलाय. मग एक मुलगा वही बाजूला ठेवतो.

"तुम्ही सरकारी आहात का?"

आशाताई क्षणभर थांबतात. "काम सरकारचं आहे, बाळा. पगार नाही, मोबदला मिळतो."

"मग सुट्टी असती का?"

"बाळंतीण कधी अडंल ते सांगता येतं का? मग सुट्टी कशी असंल?"

हा प्रश्न कुणी लिहून दिलेला नव्हता. मुलाने ऐकलं, त्याला कोडं पडलं, त्याने विचारलं. मोठमोठ्या पत्रकारितेच्या वर्गांत जे शिकवता शिकवता दमछाक होते, ते चौथीतलं मूल तांदळाच्या खोलीत करतंय. आशाताई जाताना दोघांच्या डोक्यावरून हात फिरवतात.

आता कापाकापी. आठवीतला उंच मुलगा भिंतीला टेकून मोबाइल मांडीवर घेतो. आवाजाची रेघ पडद्यावर डोंगरासारखी वरखाली जाते. बोलण्याच्या जागी उंच, शांततेच्या जागी सपाट. तो बोटाने सपाट भाग निवडतो, उडवतो, ऐकतो, परत आणतो. चपलेच्या निरोपाआधीची मिनिटभराची शांतता तो काही सेकंदांवर आणतो. सगळी का काढत नाहीस, मी विचारतो. "तो लगेच बोलल्यावानी वाटंल," तो म्हणतो. "तो लगेच नाही बोलला." मग ट्रॅक्टरचा आवाज येतो, त्यावर वाद होतो. सातवीतली म्हणते काढ, उंच मुलगा म्हणतो राहू दे, आईबापांना आपला रस्ता ऐकू यावा. शेवटी थोडा ठेवतात, सुरुवातीला. मर्यादा एकंदर बारा मिनिटांची, त्याहून जास्त नाही. फडावर नेट कमी मिळतं आणि बाराच्या पुढे फाइल उतरत नाही, हे त्यांनी पालकांकडूनच विचारून घेतलंय.

निवेदन चौथीच्या मुलीने लिहिलंय, तीनदा खोडून. पहिल्या मसुद्यात पुस्तकातलं वाक्य होतं, दुसऱ्यात टीव्हीतलं, तिसऱ्यात तिचं स्वतःचं. मॅडम भाषेला हात लावत नाहीत. निवेदन प्रमाण मराठीत हवं असं मुलांनी स्वतःच ठरवलंय, निरोप घरच्या बोलीत. कुठे कोणती भाषा वापरायची, याचं भान दहा वर्षांच्या मुलांना आलेलं मी पाहतोय. देशभर २०२१पासून निपुण भारत अभियान चालू आहे. त्यात मौखिक भाषाविकास हा पायाभूत साक्षरतेचा घटक मानलाय. पण शाळेत मोजलं जातं ते मुख्यतः वाचन आणि लेखन. बोलण्यासाठी तासही नाही, वस्तूही नाही, पैसाही नाही.

दुपारच्या सुट्टीत खिचडीचं ताट हातात घेऊन मुलं ओट्यावर गोळा होतात. मॅडमच्या फोनवर मागच्या शनिवारच्या रेडिओची उत्तरं आलेली आहेत. एक बेळगावकडच्या फडावरून आलंय. मागे इंजिनाची घरघर, कुणीतरी "हान, हान" म्हणतंय, आणि एका बाईचा आवाज: पोरी, तुझं पाढं म्हणणं ऐकलं, आमच्या टोळीत सगळ्यांनी ऐकलं, मुकादमानं पण ऐकलं. आज्जीला म्हण, गोळ्या सकाळी घ्यायच्या, रात्री नाही.

पाचवीतली एक मुलगी ताट खाली ठेवून उठते. "मॅडम, मी घरी जाऊन येऊ का? आज्जी रात्री घ्यायलीय गोळ्या."

ती पळतच फाटकाबाहेर जाते.

मी फाटकाकडे बघत उभा राहतो. गेल्या काही वर्षांत शाळेसाठी रेडिओ वापरला गेला नाही असं नाही. २०२०मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम खेड्यापाड्यांत ऐकला जात होता. त्याने मोठं काम केलं. पण त्यात शाळा आकाशवाणीकडून मुलाकडे जात होती. इथे मूल बोलतंय आणि गाव ऐकतंय. दोन्हींची गरज वेगळी आहे, आणि दुसरीसाठी अंदाजपत्रकात ओळ मला अजून दिसलेली नाही.

हीच गोष्ट दोन वाजता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निघते. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर तसे आहेतही, पण पालक सदस्यांतले निम्मे या घडीला उसात आहेत. मुख्याध्यापकांच्या खोलीत आलेत ते थोडे. अध्यक्ष असलेल्या ताई हरभऱ्याच्या रानातून थेट आल्यात, पायाला माती आहे. एक आजी नातवाच्या वतीने बसल्यात. दोन विद्यार्थी प्रतिनिधी आहेत, त्यांतली एक सातवीतली मघाचीच मुलगी.

मुख्याध्यापक हिशेब वाचतात. पट शंभरच्या वर आणि अडीचशेच्या आत आहे, म्हणून समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला ५०,००० रुपयांचं संयुक्त शाळा अनुदान. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. उरलेल्यात वीजबिल, खडू, नळ, बल्ब, संगणकाची दुरुस्ती, रंग. मग ते मॅडमकडे बघतात. मॅडम वही उघडतात. आतापर्यंत माइक त्यांच्या पैशांतून आलाय, नेटही त्यांचंच. भोंगा आणि अहुजाचा अँप्लिफायर मागे गावाने वर्गणीतून दिला होता, तो आता खरखरतो. दोन चांगले माइक, आवाज टिपणारं एक साधं यंत्र, वर्गात ऐकायला लहान स्पीकर, बॅटरी, मेमरी कार्ड आणि वर्षाचं नेट, मिळून साडेअठरा हजार. पुढच्या वर्षांना त्याच्या तिसऱ्या हिश्शात भागेल.

"मॅडम, राग मानू नका," खिडकीपाशी बसलेले एक पालक बोलतात. गेल्या हंगामात पाठ धरल्यापासून ते फडावर जात नाहीत. त्यांचा मुलगा दुसरीत आहे. "तुमचं काम चांगलंय. पण दुसरीच्या वर्गाची भिंत पावसाळ्यात पाझरती. पोरं ओल्यात बसत्यात. अगोदर भिंत का अगोदर रेडिओ?"

खोलीत कुणी बोलत नाही. या माणसाचं म्हणणं खरं आहे. तो वर्ग मी सकाळी पाहिलाय, भिंतीला खालून कमरेइतकी ओल चढलेली आहे आणि पोपडे सुटलेत. ज्याचं मूल त्या भिंतीला पाठ लावून बसतं, त्याने आणखी काय विचारावं?

"गुरुजी, ते खरं रेडिओ स्टेशनच का नाही काढत?" दुसरे एक जण सुचवतात. "सरकार परवानगी देतंय म्हणं."

देतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्यानंतर २००२मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओचं दार उघडलं. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. पण शंभर वॅटच्या त्या केंद्रासाठी मनोरा लागतो, यंत्रणा लागते, दिल्लीपर्यंतची परवानगी लागते, आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. लखनौच्या सिटी मॉन्टेसरी या खासगी शाळेला असं केंद्र मिळालं. अमेरिकेत पोर्टलंडच्या बेन्सन पॉलिटेक्निक या सरकारी शाळेतलं केंद्र तर १९२३ सालचं. शंभर वर्षांपूर्वी मुलांच्या हाती प्रक्षेपक आला आणि तो कुणी काढून घेतला नाही. बालाघाटावरच्या या शाळेला मनोरा नको आहे. तिचे श्रोते दहा-पंधरा किलोमीटरच्या आत नाहीतच, ते तीन जिल्हे आणि एक राज्य ओलांडून पसरलेत. तिला माइक हवाय आणि पुढच्या वर्षीही तो असेल याची खात्री हवीय.

माझं मत इथे मला आडपडदा न ठेवता सांगायचंय. सरकारी शाळेतल्या रेडिओला सरकारने पैसा द्यावा, आणि तो या पन्नास हजारांतून देऊ नये. या पन्नास हजारांतून दिला की रेडिओची भिंतीशी भांडणं लागतात आणि दोन्ही बाजू हरतात. स्वतंत्र ओळ हवी. तशी ओळ नवी कल्पना नाही. याच समग्र शिक्षा अभियानात पहिली ते आठवीच्या शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला १३,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे, खेळाच्या साहित्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत. पुस्तक आणि चेंडू ही शाळेची गरज आहे, शिक्षकाची हौस नाही, हे शासनाने कधीतरी मान्य केलं म्हणूनच त्या ओळी आल्या. माइक त्याच पंक्तीत बसतो. ओळ नसेल तर रेडिओ एका शिक्षिकेच्या पगारावर जगतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतातच. मॅडमची बदली झाली की माइक त्यांच्या पिशवीतून जाईल आणि वाकळा आज्यांच्या घरी परत जातील. असे कितीतरी उपक्रम बदलीच्या आदेशाबरोबर विझलेले मी पाहिलेत.

आणि पैशाबरोबर अटी याव्यात, पण त्या मुलांच्या बाजूच्या. विषय मुलांनी ठरवावा. कुणाचं भाषण त्यात घुसवलं जाऊ नये, साहेब आले म्हणून बारा मिनिटांतली चार मिनिटं स्वागताला जाऊ नयेत. मुलाचा आवाज शाळेच्या जाहिरातीसाठी वापरला जाऊ नये. शेळीचा निरोप आईसाठी आहे, तो अहवालात जोडायला नाही. शहरातल्या महागड्या शाळांत आता ध्वनिमुद्रणाचे काचेचे कक्ष आहेत, त्यांना अनुदान लागत नाही. बोलायला शिकण्याची सोय फीच्या मागे बंद करून ठेवायची का, एवढाच प्रश्न शासनापुढे आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेपुरतं त्याचं उत्तर साडेअठरा हजारांत मिळतंय.

आजी इतका वेळ गप्प आहेत. आता त्या हात वर करतात, वर्गातल्या मुलासारखा. "मला लिहिता येत नाही," त्या म्हणतात. "माझ्या लेकाला सांगायचं तर मी कुणाच्या तरी दारात फोन घेऊन जायची. त्यो उचलायचा नाही, कामात असायचा. आता नातू सांगतो आणि मी शेजारी बसून ऐकती. लेकाला कळतं, म्हातारी जित्ती हाय. ते बंद करू नका."

"बंद कोण करायलंय, आजी," खिडकीजवळचे पालक म्हणतात. त्यांचा आवाज मऊ झालाय. "मी बी ऐकतो की शनवारी. पन भिंत?"

अध्यक्ष ताई दोन ठराव लिहायला सांगतात. पहिला: दुसरीच्या वर्गाच्या भिंतीची दुरुस्ती मोठ्या कामांतून करावी म्हणून पंचायत समितीकडे मागणी, फोटोसह. दुसरा: शाळेच्या रेडिओसाठी ग्रंथालय आणि क्रीडासाहित्याप्रमाणे स्वतंत्र वार्षिक तरतूद व्हावी, अशी शिफारस गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर पाठवावी, आणि तोवर खरखरणाऱ्या भोंग्याची दुरुस्ती ग्रामपंचायतीने करावी. मुख्याध्यापक लिहितात. दुसऱ्या ठरावाला सूचक म्हणून आजींचं नाव, अंगठा. अनुमोदक कोण, असं ते विचारतात आणि सगळे खिडकीकडे बघतात. पालक थोडा वेळ खाली बघतात, मग म्हणतात, "लिहा माझं."

मुख्याध्यापक सही घ्यायला वही त्यांच्यापुढे सरकवतात तेवढ्यात सातवीतली मुलगी उठते. दप्तरातून मोबाइल काढते, वायर सोडवते.

"काका, भिंतीचं तुम्ही रेडिओवर सांगता का? बारा मिनिटांत दोन मिनिटं रिकामी आहेत. आशाताईंचं कमी झालं."

"मी? रेडिओवर?"

"फडावर सगळे ऐकत्यात. समितीतले चार जण पण तिकडंच हायत. त्यांना कळंल, भिंतीचा ठराव झालाय ते. सरपंचाला पण पाठवू, तुम्ही हो म्हणलात तर."

ते अध्यक्ष ताईंकडे बघतात. ताई मान हलवतात. मुलगी माइक त्यांच्या सदऱ्याच्या बटणाजवळ लावते, दोन पावलं मागे सरते आणि ठिपका दाबते.

"तुमचं नाव आणि तुम्ही कुणाचे पालक, ते सांगा. मग भिंत कवापासून पाझरती ते."

काका घसा खाकरतात. नाव सांगतात, मुलाची इयत्ता सांगतात. "ती भिंत," ते सुरू करतात, "तीन पावसाळे झाले पाझरायलीय. पन्हाळीचा पाइप फुटलाय, पाणी भिंतीतच मुरतंय. आधी पाइप बदलावा लागंल, मग गिलावा. नुसता रंग मारून चालणार नाही."

"पाइप किती फूट लागंल?" मुलगी विचारते.

काका खिडकीतून बाहेर वाकून वर्गाच्या छपराकडे बघतात. "थांब," ते म्हणतात, "मोजूनच सांगतो," आणि माइकची वायर सांभाळत दोघंही मैदानाकडे निघतात.